खान्देशात पहिल्यांदा गहू पेरताय? आधी तारीख, मग वाण, मग खताची गोणी

नोव्हेंबर लागला की खताच्या दुकानाच्या पायरीवर एकच प्रश्न ऐकू येतो: "गव्हाला काय टाकू?" उत्तरही ठरलेलं: "एकरी एक डीएपी, दोन युरिया." गहू पोळीचा लोकवन आहे की रव्याचा बन्सी, पेरणी दिवाळीनंतर लगेच आहे की कापूस उपटून डिसेंबरात, पाणी विहिरीचं की गिरणा कालव्याच्या आवर्तनाचं, म्हणजे पाळीने सुटणारं, कोणी विचारत नाही. मीही पहिल्या वर्षी हेच उत्तर घेऊन आले आणि तसंच टाकलं. लोकवन चांगला आला. शेजारच्याच तुकड्यात जिरायत बन्सी होता, तो जानेवारीत असा वाळला की जनावरांनाही पोटभर चारा झाला नाही. गोणी तीच, रान तेच, गहू मात्र वेगळा.

पुण्या-सुरतेची नोकरी सोडून आलेले, वडिलांची शेती अंगावर पडलेले, किंवा आजवर फक्त कापूस-केळी केलेले असे जे गव्हाच्या वाटेला पहिल्यांदा येताहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. क्रमाने वाचा, कारण मागची पायरी ठरल्याशिवाय पुढचीचा हिशेब बसत नाही.

पहिली पायरी: पेरणीची तारीख धरा

खताची मात्रा दुसऱ्या पायरीवरही नाही, चौथ्यावर आहे. आधी तारीख.

जिरायत गहू ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, जमिनीत ओल असतानाच पेरायचा. बागायती वेळेवर पेरणी म्हणजे 1 ते 15 नोव्हेंबर. त्यानंतर 15 डिसेंबरपर्यंत पेरलेला गहू उशिराचा. 15 नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल, म्हणजे एकरी एक क्विंटल घट धरतात. डिसेंबरच्या पंधरा तारखेनंतर गव्हाचा नाद सोडा, दुसरं पीक बघा.

आपल्याकडे हे जास्त लागू पडतं, कारण खान्देशाची थंडी लांबीला कमी. गव्हाला दाणा भरताना 20 ते 25 अंशांची हवा मानवते. जळगाव, अमळनेर, शिरपूर, शहादा कुठेही असा, मार्च उजाडला की दुपारचं ऊन पस्तिशीकडे जातं. ओंबीत चीक असताना ती झळ लागली की दाणा भरायच्या आधीच पक्व होतो, चिमतो. डिसेंबरात पेरलेल्या गव्हाचं दाणे भरणं नेमकं या उन्हात सापडतं.

खरा घोळ कापसामुळे होतो. बोंडं फुटताहेत, भाव बरा आहे, अजून एक वेचणी होईल, असं म्हणत फरदड ठेवतो आणि गव्हाची तारीख हातची जाते. मूग, उडीद, सोयाबीन किंवा बाजरीच्या मोकळ्या झालेल्या रानात गहू वेळेवर पडतो. कापसाच्या रानात पडत नाही, हे पेरणीच्या आधीच मान्य केलेलं बरं, कारण पुढे खतही त्याप्रमाणे कमी करायचं आहे.

दुसरी पायरी: वाण ओळखा, म्हणजे त्याची भूक कळेल

सगळे गहू खत सारखं खात नाहीत. यामागे एक मोठी गोष्ट आहे.

आपल्या आजे-सासऱ्यांच्या वेळचे गहू उंच असत, कंबरेच्या वर. त्यांना जास्त नत्र (नायट्रोजन, युरियातून मिळतं ते) दिलं की ते अजून वाढत, ओंबी जड होई आणि पहिल्या वाऱ्यात अख्खं वावर आडवं. म्हणजे खत दिलं तर तोटाच. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत जपानच्या 'नोरिन 10' या बुटक्या गव्हाची उंची कमी करणारी जनुकं वापरून आखूड काडीचे गहू तयार केले. त्यातले लर्मा रोहो आणि सोनोरा 64 हे वाण भारतात आले. 1966 साली तर 18 हजार टन बियाणं मेक्सिकोहून आणलं. पुढे कल्याण सोना, सोनालिका आले. आखूड काडी नत्र पेलते, लोळत नाही, मिळालेलं अन्न काडीत न घालवता दाण्यात घालते. बोरलॉग यांना 1970 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, त्याच्या मुळाशी ही आखूड काडी आहे. म्हणून हरित क्रांती नुसत्या युरियाची नव्हे, युरिया पचवणाऱ्या वाणाची म्हणायला हवी.

आता आपल्याकडचे वाण:

*सरबती (पोळीचा गहू), बागायती, वेळेवर:* लोक-1, म्हणजे आपला लोकवन, गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला. दाणा टपोरा, पोळी मऊ, बाजारात नाव. पण तो तांबेऱ्याला लवकर बळी पडतो, आणि नत्र जास्त झालं की आणखीच. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे त्र्यंबक, तपोवन आणि फुले समाधान तांबेऱ्याला जास्त टिकतात. वेळेवर पेरणी, पूर्ण खत आणि पुरेसं पाणी मिळालं तर त्र्यंबक हेक्टरी 40 ते 45 क्विंटल, तपोवन आणि समाधान 45 ते 50 क्विंटलपर्यंत जातात. गुजरातच्या सीमेकडे, नंदुरबार-शिरपूर पट्ट्यात, जीडब्ल्यू 496 बरेच जण करतात.

*उशिरा पेरणीचे:* एनआयएडब्ल्यू 34 आणि फुले समाधान. समाधान दोन्हीकडे चालतो, म्हणून नवख्याला मी तोच सुचवते. तारीख चुकली तरी वाण बदलावा लागत नाही.

*कमी पाण्याचे:* नेत्रावती. जिरायतात हेक्टरी 18 ते 20, एक पाणी मिळालं तर 27 ते 30 क्विंटल. पंचवटी हा जिरायत बन्सी, त्याचं 12 ते 15 क्विंटल. आकडे बघून नाक मुरडू नका, त्यामागे खर्चही तेवढाच कमी असतो.

*बागायती बन्सी:* गोदावरी. रवा, शेवया, कुरडया यासाठी.

*खपली:* जुन्या खपलीला खताची हाव नाही, जास्त दिलं तर ती लोळते. आखूड काडीचे सुधारित खपली वाण आहेत, पण खपलीच्या भावाच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नका.

तिसरी पायरी: माती तपासा, पण नमुना नीट घ्या

बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाखालची, झाडाखालची माती घेऊ नका. एकरात आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करा, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्या, सगळी घमेल्यात कालवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवा. खतं टाकल्यावर नाही, आधी.

अहवालात नत्र-स्फुरद-पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश) 'कमी' आलं तर शिफारशीपेक्षा चतुर्थांश जास्त द्यायचं, 'जास्त' आलं तर चतुर्थांश कमी. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पालाश बहुतेकदा भरपूर निघतो, नत्र बहुतेकदा कमी. केळीच्या रानात गहू घेत असाल तर ही तपासणी चुकवूच नका. केळीला ठिबकमधून इतकं खत गेलेलं असतं की स्फुरद-पालाशवर दिलेले पैसे वाया जाऊ शकतात.

चौथी पायरी: मात्रा ठरवा

शिफारस हेक्टरी किलोत असते, आपण एकरात आणि गोण्यांत बोलतो. नवखा माणूस इथेच चुकतो. गोणीवरचा आकडा म्हणजे शंभर किलोत किती अन्नद्रव्य, एवढं लक्षात ठेवा; एकाहून जास्त आकडे असले तर क्रम नत्र, स्फुरद, पालाश, आणि चौथा असला तर गंधक. युरियात 46 टक्के नत्र. डीएपीत 18 टक्के नत्र, 46 टक्के स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटात 16 टक्के स्फुरद आणि वर गंधक. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60 टक्के पालाश.

बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 स्फुरद, 40 पालाश. एकरी झालं 48, 24 आणि 16. यातलं अर्धं नत्र आणि स्फुरद-पालाश सगळं पेरणीला, उरलेलं अर्धं नत्र एकविसाव्या दिवसाच्या आसपास.

हे चार वाटांनी देता येतं:

- सुपर फॉस्फेटची वाट: तीन गोण्या सुपर (150 किलो), 27 किलो पोटॅश, 52 किलो युरिया पेरणीला, 52 किलो नंतर. उचलायला जड, पण गंधक फुकटात येतं.
- डीएपीची वाट: एक गोणी डीएपी, अर्धी गोणी पोटॅश, 33 किलो युरिया पेरणीला, 52 किलो नंतर.
- 12:32:16 ची वाट: दीड गोणी. त्यातून 9 नत्र, 24 स्फुरद, 12 पालाश मिळतं. वर 33 किलो युरिया पेरणीला, 52 नंतर. पालाश चार किलो कमी पडतो, आपल्या काळ्या रानात तो सहसा जाणवत नाही.
- 20:20:0:13 ची वाट: 120 किलो. यात पेरणीचं नत्र आणि सगळं स्फुरद एकदम बसतं, वर 15 किलोंवर गंधक. पेरणीला वेगळा युरिया लागतच नाही. पोटॅश 27 किलो.

डीएपी मिळत नाही म्हणून दोन-दोन आठवडे पेरणी थांबवलेले लोक मी दरवर्षी बघते. कशाला? स्फुरद कोणत्या गोणीतून आलं हे गव्हाला कळत नाही, पेरणी लांबली ते मात्र कळतं. एका वर्षी मला एका दुकानात डीएपीच्या प्रत्येक गोणीमागे कुठल्याशा 'टॉनिक'ची बाटली घ्यायची सक्ती झाली. तीन गोण्या, तीन बाटल्या. त्या बाटल्या अजून गोठ्याच्या फळीवर आहेत. त्या वर्षापासून मी सुपर फॉस्फेटवर आले आणि खरं सांगायचं तर बन्सीला ते जास्त मानवलं. गंधकाशिवाय गव्हातली प्रथिनं नीट बनत नाहीत.

उशिराच्या गव्हाला नत्र कमी करा, हेक्टरी 80 ते 90 किलो, म्हणजे एकरी 32 ते 36. याचंच नवख्याला आश्चर्य वाटतं. पीक मागे आहे, मग जास्त खत देऊन पुढे काढू, असं वाटतं. उलट होतं. जास्त नत्राने गहू हिरवा राहतो, पक्व व्हायला चार-सहा दिवस जास्त घेतो, आणि ते चार-सहा दिवस मार्चच्या उन्हात जातात. शिवाय उशिराच्या गव्हाला फुटवे फोडायलाच दिवस कमी मिळतात. म्हणून खताऐवजी बियाणं वाढवायचं: वेळेवर पेरणीला हेक्टरी 100 ते 125 किलो, उशिराला 125 ते 150 किलो, आणि ओळींमधलं अंतर 18 सेंटिमीटरवर आणायचं. फुटव्यांची कसर रोपांनी भरून निघते.

जिरायतीला हेक्टरी 40 नत्र, 20 स्फुरद, सगळं पेरणीलाच. एकरी 16 आणि 8. माझ्या वाळलेल्या बन्सीचं गुपित इथेच होतं. भरपूर नत्र मिळाल्यावर त्याने नोव्हेंबरात झकास फुटवे फोडले, पानं रुंद केली, जमिनीतली ओल डिसेंबरातच पिऊन टाकली. ओंबी निघायच्या वेळी खाली काही उरलं नाही. कमी खताचा गहू बिचारा काटकसरीने राहतो आणि चार दाणे तरी देतो.

पाचवी पायरी: खत कुठे पडतं ते बघा

स्फुरद जमिनीत चालत नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तर ते जिथे पडेल तिथेच चुन्याशी बांधलं जातं. म्हणून डीएपी किंवा सुपर वरून फेकून उपयोग नाही, ते मुळाच्या वाटेत, बियाण्याच्या खाली किंवा बाजूला गेलं पाहिजे. दोन चाड्यांच्या पाभरीने एका चाड्यातून बी आणि दुसऱ्यातून खत जातं, ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रातही दोन पेट्या असतात. बियाणं पाच-सहा सेंटिमीटर खोल. त्याहून खोल गेलं तर कोंब वर येता येता थकतो.

आणि युरिया बियाण्याच्या चाड्यात कधीही टाकू नका. मी टाकला आहे. सालदार सुट्टीवर, पेरणीची घाई, म्हटलं एकाच पेटीत कालवून देऊ. आठव्या दिवशी वावरात उभी राहिले तर तासात कुठे दोन बोटं, कुठे हातभर मोकळी जागा. युरियातून निघणाऱ्या अमोनियाने कोंबच भाजले होते. शेजारचे नाना बांधावरून जाता जाता म्हणाले, "भाऊ कुठे गेलता? एकटीनं पेरलं वाटतं?" आणि हसले. त्या वर्षी डिसेंबरभर ती मोकळी जागा मला रोज दिसत होती.

आणखी दोन जोड्या टाळा. जस्त सल्फेट आणि डीएपी एकत्र कालवू नका, जस्त आणि स्फुरद एकमेकांना धरून बसतात आणि दोन्ही पिकाच्या कामातून जातात. जस्ताची कमतरता निघाली तर हेक्टरी 20 किलो जस्त सल्फेट शेणखतात कालवून वेगळं द्या. आणि युरिया-सुपर कालवून रात्रभर ठेवलं तर सकाळी चिखल मिळेल. कालवायचंच असेल तर पेरताना, लागेल तेवढंच.

शेणखत कुजलेलं हवं, हेक्टरी 10 टन, शेवटच्या वखरणीआधी. त्याने पहिल्या वर्षी उत्पादन उडी मारत नाही, पण पाणी धरून राहतं आणि खत सांडत नाही. बियाण्याला अ‍ॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, दहा किलो बियाण्याला प्रत्येकी 250 ग्रॅम, पेरणीआधी सावलीत चोळा. बुरशीनाशक आधी, जिवाणू नंतर.

कापसाच्या पऱ्हाट्या मशीनने बारीक करून रानात गाडल्या असतील तर एक गोष्ट ध्यानात घ्या. पऱ्हाटी कुजवणारे जंतू जमिनीतलं नत्र आधी स्वतः खातात. वीस-पंचवीस दिवसांचा गहू पिवळा दिसतो तो बऱ्याचदा यामुळे. अशा रानात पेरणीचं नत्र चुकवू नका, आणि पिवळेपणा दिसला म्हणून तणनाशकाला किंवा बियाण्याला शिव्या देऊ नका.

सहावी पायरी: एकविसावा दिवस

एक रोप उपटून बघा. बियाण्यापासून निघालेली बारीक मुळं खाली दिसतील, आणि त्यांच्या वर, जमिनीच्या अगदी लगत, खोडातून पांढरी जाडसर मुळं बाहेर पडू लागलेली दिसतील. ही मुकुटमुळं. पुढचे फुटवे आणि बहुतेक खाणंपिणं यांच्यावर. ही फुटताना पाणी आणि नत्र दोन्ही मिळालं की फुटवे टिकतात. म्हणून हा दिवस पकडायचा.

आधी खुरपणी, मग युरिया, मग लगेच हलकं पाणी, हा क्रम. ओल्या रानावर युरिया फेकून सोडून दिला तर आपल्या चुनखडीच्या जमिनीत त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. सकाळी दव पडलेल्या पानांवरही फेकू नका, दाणे चिकटून पानं भाजतात.

आवर्तनावर गहू असेल तर पाणी तुमच्या तारखेला येईलच असं नाही. चार-पाच दिवस मागेपुढे झालं तर युरिया घरात ठेवा, पाण्यासोबतच द्या. एकच पाणी मिळणार असेल तर ते चाळीस-बेचाळीस दिवसांनी, कांडी धरताना द्या आणि राहिलेलं नत्र त्याच्या आधी टाका. दोन पाणी असतील तर एकविसाव्या आणि साठ-पासष्टाव्या दिवशी. हलक्या, मुरमाड रानात नत्र दोनऐवजी तीन हप्त्यांत बरं पडतं, कारण एकदम दिलेलं पाण्याबरोबर खाली निघून जातं.

फवारणीच्या खतांबद्दल थोडक्यात. 19:19:19 दहा लिटर पाण्यात 200 ग्रॅम, पेरणीनंतर 55 आणि 70 दिवसांनी फवारावं अशी शिफारस आहे, आणि त्याने दाणा भरायला मदत होते. पण हिशेब करा: एकराला 200 लिटर पाणी, म्हणजे चार किलो खत, त्यात नत्र 760 ग्रॅम. गव्हाला हवं होतं 48 किलो. फवारणी म्हणजे जेवणावरचं लोणचं. ताटच रिकामं असेल तर लोणचं खाऊन दिवस निघत नाही.

सातवी पायरी: आपल्याच वावरात पट्टे टाका

माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे: पहिल्याच वर्षी आठ गुंठे बाजूला काढा आणि स्वतः बघा. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला ब्रॉडबॉक नावाच्या शेतात 1843 पासून गव्हाचे असेच पट्टे आहेत. एका पट्ट्याला काहीच नाही, एकाला नुसतं शेणखत, बाकीच्यांना वेगवेगळी खतं. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ. ज्याला काहीच मिळत नाही तो पट्टा अजूनही हेक्टरी टनभर गहू देतो. आपल्याला दोनशे वर्षं थांबायचं नाही, एक हंगाम पुरे.

दोन वाण घ्या, उदाहरणार्थ लोकवन आणि समाधान. प्रत्येकाचे चार पट्टे, प्रत्येक पट्टा एक गुंठा:

पहिला: काही नाही.
दुसरा: फक्त युरिया, 2 किलो 600 ग्रॅम, दोन हप्त्यांत.
तिसरा: पूर्ण मात्रा. सुपर 3 किलो 750 ग्रॅम, पोटॅश 670 ग्रॅम, युरिया 1 किलो 300 पेरणीला आणि तेवढाच एकविसाव्या दिवशी.
चौथा: तिसऱ्यासारखंच, पण युरिया दीडपट, एकूण 3 किलो 900 ग्रॅम.

काही न दिलेला पट्टा पाण्याच्या वरच्या अंगाला ठेवा, म्हणजे खालच्या पट्ट्यातला युरिया वाहून त्यात येणार नाही. मधे हातभर दांड. पेरणी एकाच दिवशी, पाणी एकाच दिवशी. कागदावर नकाशा काढून ठेवा, कारण फेब्रुवारीत सगळं हिरवं दिसतं आणि आपली आठवण दगा देते.

जानेवारीत काय दिसेल? दुसरा पट्टा सुरुवातीला तिसऱ्याइतकाच हिरवागार. येणारे-जाणारे म्हणतील, नुसत्या युरियावरच काम झालं की! थांबा. तुमच्या रानात स्फुरद कमी असेल तर त्याचे फुटवे मागे पडतील. चौथा पट्टा सगळ्यात गडद, काळपट हिरवा. त्याच्यात घुसून पानाची मागची बाजू बघा. मावा आणि तांबेरा बहुतेक तिथूनच सुरू होतो, आणि लोकवनमध्ये समाधानच्या आधी. फेब्रुवारीत अवकाळीचा वारा आला, त्यात तुम्ही नुकतंच पाणी दिलेलं असलं, तर चौथा पट्टा आधी आडवा होईल. लोळलेल्या ओंबीत दाणा भरत नाही आणि हार्वेस्टरला ती उचलता येत नाही.

काढणीच्या वेळी पाइपची किंवा बांबूची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा. प्रत्येक पट्ट्यात कडा सोडून तीन ठिकाणी ठेवा, चांगली जागा शोधू नका, डोळे मिटून ठेवा. आतल्या ओंब्या मोजा, कापा, हाताने चोळा, पाखडा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. तिन्हींची सरासरी काढा. ग्रॅमचे आकडे चारने गुणले की एकरी किलो. 400 ग्रॅम निघाले तर एकरी 16 क्विंटल.

ओंब्या मोजायला सांगितलं ते उगीच नाही. उत्पादन तीन गोष्टींचा गुणाकार असतो: चौरस मीटरला ओंब्या, ओंबीत दाणे, दाण्याचं वजन. 350 ओंब्या, प्रत्येकी 30 दाणे, हजार दाण्यांचं वजन 40 ग्रॅम, तर 420 ग्रॅम. तुमच्या चौथ्या पट्ट्यात ओंब्या तिसऱ्याहून जास्त असतील आणि वजन तेवढंच किंवा कमी निघालं, तर हजार दाणे मोजून तोला. खताने ओंब्या दिल्या आणि उन्हाने दाणा नेला, असं तिथे दिसेल.

पैशाचं गणितही मांडा. 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना पडते, म्हणजे एक किलो नत्र तेरा रुपयांच्या आत. 2025-26 च्या खरेदी हंगामाला गव्हाचा हमीभाव 2425 रुपये क्विंटल होता. एक किलो नत्राने अर्ध्या किलोहून थोडासाच जास्त गहू वाढवला तरी पैसे वसूल. म्हणून हात सैल सुटतो. युरिया महाग असता तर इतका लोळलेला गहू दिसला नसता, असं मला वाटतं.

आठवी पायरी: दाणा आणि पीठ

बन्सीचा दाणा मूठभर घेऊन उजेडात धरा. चांगला बन्सी काचेसारखा, पिवळसर, आरपार. त्यात काही दाण्यांवर पिठूळ पांढरे डाग दिसले तर त्याला नत्र कमी पडलं. क्विंटल भरले तरी व्यापारी भाव पाडतो, कारण अशा दाण्याचा रवा कमी निघतो. म्हणजे बागायती गोदावरीला नत्राची कंजुषी करू नका, दुसरा हप्ता तर नाहीच नाही. सरबतीत हा डाग बाजारात कोणी बघत नाही.

घरात मात्र बघतात. आखाजीला आमच्याकडे खापरावर मांडे होतात. सासूबाई कणीक तेल-पाण्याने तिंबतात, पुरण भरतात आणि मांडा हाताच्या कोपरापर्यंत ताणत नेतात. एका वर्षी मी त्यांना न सांगता काही न दिलेल्या पट्ट्यातला गहू दळून आणला. दुसराच मांडा मधून फाटला, पुरण चुलीत. त्यांनी पिठाचा गोळा बोटांत ताणून बघितला आणि म्हणाल्या, "हाई पीठ कामनं नही." त्यांना नत्र-प्रथिनं काही सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पट्ट्याचा गहू दळला, आणि मांडे झाले. उरलेल्या पिठाच्या बट्ट्या केल्या, त्या मात्र छान झाल्या.

पट्ट्यांचा गहू वेगळा ठेवायचा तर चिठ्ठी गोणीच्या आत टाका, पेन्सिलीने लिहिलेली. बाहेर बांधलेली चिठ्ठी उंदीर खातात आणि शाई ओलीत उडते.